पांडेसऱ्याचं आभाळ

कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस दमत नाही, असा एक गोड गैरसमज नव्व्याण्णव साली सुरतेत पसरला होता. जयश्रीच्या शेठचा तर पक्का होता. "तुला काय, बसून तर काम!" असं तो रोज एकदा तरी म्हणायचा, आणि जयश्री बसून बसून मोडलेली कंबर हाताने दाबत पुढचा कागद स्कॅनरवर ठेवायची.

शेठच्या रिंग रोडवरच्या कॉम्प्युटर-डिझाइनच्या दुकानात ती प्लेग येऊन गेल्याच्या दुसऱ्या वर्षी लागली. साड्यांची डिझाइनं स्कॅन करायची आणि मिलवाल्याला पसंत पडेपर्यंत निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं पुन्हा निळं करत बसायचं. वडील खानदेशातल्या शिंदखेड्याकडून सुरतेत लूमवर कापड विणायला आले आणि लूमवरच संपले. घरी पांडेसऱ्यात, मिलच्या वस्तीत, आई, प्रमिलाबाई, साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणायच्या. जयश्रीच्या लग्नाची बोलणी काही वर्षं येत राहिली, मग तीही दमली आणि यायची थांबली. एकतिसाव्या वर्षी जयश्री सकाळी उठायची तीच थकलेली. तिने रंगवलेल्या साड्या कुठे कुठे गेल्या असतील देव जाणे, पण अमुक साडी जयश्रीची असं कधी कोणी म्हटलं नाही. म्हणणार तरी कोण?

त्या वर्षी गावातल्या एका कॅमेरा क्लबने डिजिटल फोटोंची स्पर्धा काढली. क्लब म्हणजे डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी, ज्यांना रविवारी घरात करमत नाही अशी सगळी मंडळी. सेक्रेटरी होते डॉक्टर जरीवाला. नियमांचा कागद टाइप करून घ्यायला ते जयश्रीकडेच आले. चित्रातला प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला हवा. शंका आल्यास निगेटिव्ह दाखवावी लागेल, म्हणून ती सोबत आणावी. नुसता स्कॅन केलेला फोटो चालणार नाही, त्यात काहीतरी फेरफार केलेला हवाच. कॉम्प्युटरवर काय फेरफार केला ते परीक्षकांनी विचारलं तर सर्वांसमोर सांगावं लागेल. पहिला येणारा फोटो नावासकट वर्षभर क्लबच्या हॉलमध्ये लागेल. आणि सगळ्यात शेवटी, प्रवेश सुरतेत राहणाऱ्या कोणालाही खुला.

ते शेवटचं वाक्य जयश्रीने टाइप केलं, तपासलं आणि विनाकारण पुन्हा एकदा तपासलं. आपलं नाव एका भिंतीवर वर्षभर लागावं, असं तिला वाटून गेलं. वाटलं म्हणजे काय, त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

फोटो तिच्याकडे होता. दुकानाच्या कॅमेऱ्यात रोलची शेवटची दोन-तीन चित्रं उरली होती, तेव्हा शेठला विचारून ती कॅमेरा घरी घेऊन गेली होती. ज्येष्ठाचे दिवस. प्रमिलाबाईंनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, वाळत घातल्या होत्या आणि वळवाचं आभाळ एकाएकी भरून आलं. काळा ढग, त्याला पांढरी कड आणि त्यावरून आडवा गेलेला, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचा तांबूस धूर. खाली पाठमोरी आई घाईघाईने बिबड्या गोळा करते आहे. पाऊस काही आला नाही, पण फोटो आला.

आता क्लबच्या मंडळींकडे कॅमेरे होते, माउस मात्र कोणालाच धरता येत नव्हता. एकेक जण फोटोंचं पाकीट घेऊन जयश्रीसमोर बसायचा. सुरतेचं आभाळ वर्षातले आठ महिने पांढरं फटक असतं, त्यामुळे यांचे फोटोही वरून पांढरे फटक. डॉक्टरांनी दमणचा किनारा आणला होता. "बेन, ऊपर कुछ डालो ना," ते म्हणाले. संध्याकाळ झाली होती, कंबर ठणकत होती, आणि डॉक्टर उठायचं नाव घेत नव्हते. जयश्रीने आपलं आभाळ काढलं आणि दमणवर पसरलं. डॉक्टर खूश!

"पण साहेब, नियम?" तिने विचारलं. "प्रत्येक भाग स्वतःचा हवा ना?"

"अरे, आकाश तो बधानुं छे!" डॉक्टर हसत म्हणाले. सगळ्यांचंच म्हटल्यावर ते आणखी तिघांना हवं झालं. एकाच्या तापीवरच्या पुलावर, एकाच्या देवळावर, एकाच्या घोड्यावर तेच आभाळ चढलं. कुठे तिने ते पिवळं केलं, कुठे डावीकडचं उजवीकडे फिरवलं. नवीन आभाळ शोधायला अंगात त्राण हवं, ते तिच्याकडे नव्हतं.

स्वतःच्या फोटोची पाळी आली तेव्हा तिला त्यात काही करावंसंच वाटेना. पण नियम होता. म्हणून तिने एकच केलं. आईच्या लुगड्याला पाठीवर मोठं ठिगळ होतं, ते तिने पुसलं. साड्यांच्या गावात राहायचं, रात्रंदिवस साड्यांना टिकल्या लावायच्या आणि आपल्या पाठीवर ठिगळ! हॉलमध्ये येणाऱ्या डॉक्टर-वकिलांच्या बायका बघतील, असं तिच्या मनात आलं. तिने आजूबाजूचं कापड उचलून त्या जागी असं बसवलं की स्वतः तिलाही जागा सापडेना.

निकालाच्या दिवशी ती आईला घेऊन गेली. प्रमिलाबाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. फोटोंखाली नावं नव्हती, नुसते नंबर होते. बडोद्याहून आलेले परीक्षक डॉक्टरांसोबत शेवटची फेरी मारत होते आणि दमणच्या फोटोपाशी बराच वेळ रेंगाळले होते. तेवढ्यात प्रमिलाबाई तिथे पोचल्या आणि त्यांनी आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"व जयश्री! हाई ते आपलं आभाय शे व!"

डॉक्टर घाईने म्हणाले, "माजी, आ तो दमण छे."

"खाले व्हई दमण," प्रमिलाबाई म्हणाल्या, "वर पांडेसराच शे. तो दख ना मीलना धूर." आणि त्या पुढे निघाल्या. "हाई बी आपलंच. अरे, हाई ते उलटं टांगेल शे!" त्यांना मनापासून आनंद झाला होता. आपलं आभाळ लोकांनी इतक्या ठिकाणी लावलं, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रमिलाबाईंची अहिराणी आणि गुजराती या तशा आत्येमामे बहिणी. बडोद्याच्या परीक्षकांना शब्दन् शब्द कळला. ते मागे फिरले आणि धूर बघत एका फोटोवरून दुसऱ्याकडे गेले. मग त्यांनी विचारलं, "आ आकाश कोनुं छे?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. जयश्रीला कळत होतं, बोललं तर गिऱ्हाईकं तुटतील, शेठ तोंड सोडेल. नाही बोललं तर चोरी तिच्याच अंगावर येईल. एखादी सोयीची थाप सुचलीही असती, पण तेवढाही दम तिच्यात उरला नव्हता. तिने पर्समधली निगेटिव्ह काढून परीक्षकांच्या हातात दिली.

"माझं आहे," ती म्हणाली.

परीक्षकांनी निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली, धूर पाहिला, ढग पाहिला आणि चार फोटो बाजूला ठेवायला सांगितलं. मग ते जयश्रीच्या फोटोसमोर उभे राहिले. तिथे आभाळ आपल्या जागेवर होतं आणि त्याच्याखाली जिचं ते होतं ती बाई बिबड्या गोळा करत होती. परीक्षकांचा चेहरा बदलला. "आ पहेलो," ते हलकेच म्हणाले. जयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंत, चौकट, खाली आपलं नाव, सगळं तिला दिसायला लागलं.

"फक्त नियमापुरतं सांगा, बेन," परीक्षकांनी विचारलं. "कॉम्प्युटरवर यात काय केलंत?"

सगळे ऐकत होते. डॉक्टरांच्या सौभाग्यवती ऐकत होत्या. प्रमिलाबाई शेजारी उभ्या होत्या, ठेवणीतल्या पातळाचा पदर सावरून, लेकीचं कौतुक ऐकायला. ठिगळ हा शब्द जयश्रीच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला.

"काही नाही," ती म्हणाली.

"विचार करून सांगा. एखादा डाग पुसला असेल तरी चालेल."

"काही नाही केलं, साहेब."

"मग हा नुसता स्कॅन झाला, बेन," परीक्षक म्हणाले. नाइलाजाने त्यांनी तो फोटोही बाजूला ठेवला. पहिलं बक्षीस नातवाला चंद्रावर बसवणाऱ्या एका वकिलाला गेलं. चंद्राचा फोटोही त्याने स्वतःच काढलेला होता.

पांडेसऱ्याच्या शटल रिक्षात दोघी बसल्या. फोटो जयश्रीच्या मांडीवर होता. उद्या दुकानात काय होणार हे तिला ठाऊक होतं, पण त्याची काळजी करायचाही कंटाळा आला होता. प्रमिलाबाई बराच वेळ फोटो न्याहाळत राहिल्या.

"मन्हा लुगडाले मांघे ठिगय व्हतं," त्या म्हणाल्या. "तू काढी टाकं ना?"

जयश्रीने मान हलवली.

"मंग सांगानं व्हतं ना त्या साहेबले."

"एवढ्या लोकांत कशी सांगू, माय?"

"त्यामा लाज कसानी?" प्रमिलाबाईंनी फोटोतल्या पाठीवरून बोट फिरवलं, नेमकं त्या जागेवरून. "मीच शिवेल व्हतं ते. इतलं बारीक शिवेल व्हतं, आते डोया तसं शिवू देतस नही."

जयश्रीने फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि पांडेसरा येईपर्यंत ती आईकडे बघू शकली नाही.