जांभळीचे पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या वसईच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, अंगणात जांभळीखाली होती. त्या बारा खुर्च्यांवर एरवी चर्चच्या समितीतली मंडळी असतात. यंदा फादरांनी गावचा कचरा उचलणाऱ्या बायकांना बसवलं होतं. पहिल्याच पावलावर पाणी पडलं आणि सुमनबाई खुदकन हसल्या, "फादर, गुदगुल्या होतात ना!" सगळं अंगण हसलं. त्या पहिल्या रात्री शिष्यांपैकीही कुणी असंच हसलं असेल का?

शेवटची खुर्ची मात्र रिकामी होती. फादर पाण्याचा तांब्या घेऊन सरळ जांभळीकडे गेले आणि तिच्या मुळांवर हळूहळू पाणी ओतू लागले. पार्किंगसाठी हीच जांभळ तोडायचं चाललं होतं.

गावची घाण उचलणारे हात आणि गावाला सावली देणाऱ्या फांद्या, दोन्ही आपण किती सहज गृहीत धरतो, असं मनात आलं.

धुतलेले पाय पुसायला टॉवेल घेऊन पास्कूकाका उभे होते. पार्किंगचा हट्ट त्यांचाच. ते घुटमळले.

"पुसा की काका," सुमनबाई ओरडल्या, "सर्दी होईल तिला!"

पुन्हा हशा उसळला. काकाही हसले, गुडघे टेकून बसले आणि एकेक मूळ पुसत गेले. पांढराशुभ्र टॉवेल मातीने माखला. काकांनी तो तसाच खांद्यावर टाकला आणि मिस्सा संपेपर्यंत ऐटीत मिरवला.