लिफ्ट, भाकरी आणि वरचे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका भांडखोर माणूस घोड नदीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल, आणि इतक्या सभ्यपणे भांडणारा तर मुळीच नाही. मंचरच्या आमच्या पाच मजली सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ते चौथ्या. म्हणजे त्यांचा राग खाली जाताना पहिल्यांदा माझ्या दारावरून जायचा. दाराची बेल एकदाच, पण लांब वाजली की आमची ही आतूनच म्हणायची, "वरचे काका आलेत. चहा टाकते, अर्ज मोठा दिसतोय."

काका मूळचे खोडदचे. घरची शेती भावाकडे, आणि हे एसटीत वाहतूक नियंत्रक. उभी नोकरी निरनिराळ्या स्टँडांवर खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात गेली. त्यामुळे आवाज असा, की ते जिन्यात 'गुड मॉर्निंग' म्हणाले तर समोरच्या इमारतीतला माणूस हात वर करायचा. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडांत रमतात, देवळात जातात. काकांना सोसायटीची कमिटी मिळाली. कमिटीने काहीही ठरवलं, तरी काकांचा एकच सवाल असे, "कोणत्या ठरावानुसार?" हा प्रश्न जिभेवर इतका बसला होता, की एकदा ताटात सलग तिसऱ्या दिवशी दुधी बघून त्यांनी काकूंनाही तोच विचारला. काकू शांतपणे म्हणाल्या, "परवाच्या सभेत मंजूर झाला. तुम्ही झोपला होता."

त्यांचे अर्ज तीन प्रतींत असत. एक सेक्रेटरींना, एक अध्यक्षांना आणि एक स्वतःला. स्वतःच्या प्रतीवर पोच म्हणून सही घेतल्याशिवाय ते हलत नसत. सेक्रेटरी बिचारे बँकेतले गरीब गृहस्थ. काकांची चप्पल जिन्यात वाजली की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडत. एकदा काका त्यांच्या दाराबाहेर स्टूल टाकून पाऊण तास बसले आणि शेवटी दाराच्या फटीतून ओरडले, "पाणी वाया चाललंय, सेक्रेटरी! त्याचाही अर्ज देऊ का?" नोटीसबोर्ड तर ते लाल बॉलपेन घेऊनच वाचत. 'सभासदानी'वर अनुस्वार देत, 'सुचना'मधला सु दीर्घ करत, आणि खाली बारीक अक्षरात लिहीत, 'भाषा सुधारली, विचार बाकी आहे.'

कमिटीने कोणाला न विचारता गेटजवळचा कढीपत्ता तोडून तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं, तेव्हा काका पांढरे कपडे घालून अध्यक्षांच्या दुकानात गेले. अध्यक्षांचं शेतीच्या औषधांचं दुकान, सकाळची गर्दी. काका गिऱ्हाइकांच्या देखत हात जोडून म्हणाले, "आपल्या घरचं एक माणूस गेलं, भेटायला आलोय." चार गिऱ्हाइकं टोप्या काढून उभी राहिली. अध्यक्षांना ते झाड होतं हे सांगेपर्यंत घाम फुटला. आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. "सर," मला म्हणाले, "हसण्यावारी नेता म्हणून तर त्यांचं फावतं राव."

मी कॉलेजात शिकवतो. मुलांना नागरिकाची कर्तव्यं सांगतो आणि सभेत मोबाईल बघत बसतो.

मग ती लिफ्टची नोटीस लागली. 'कामवाले, दूधवाले व इतर बाहेरील व्यक्तींनी लिफ्टचा वापर करू नये. आदेशावरून.' कारण असं देण्यात आलं, की लिफ्टवर ताण येतो, बटणांना पिठाचे हात लागतात आणि वास येतो. वास कसला, हे लिहिलं नव्हतं. आमच्या इमारतीत एक मावशी पाच घरी भाकऱ्या करायला यायच्या. माझ्याकडे, काकांकडे, अध्यक्षांकडेसुद्धा. अवसरीहून येत. माहेर मेंढ्यावाल्यांचं, लहानपण कळपामागं गेलेलं, वय पंचावन्न-साठ. त्या दिवशी काका नोटीस वाचून माझ्याकडे आले ते लाल पेन न उघडताच.

"यात एकही चूक न्हाई, सर," ते म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. एवढं शुद्ध या लोकांनी आजवर काहीच लिहिलं नव्हतं."

काकांनी वार्षिक सभेत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "काका, लिफ्ट सभासदांसाठी आहे. हॉटेलातसुद्धा नोकरांची लिफ्ट वेगळी असते." काकांनी विचारलं, "मग आपली दुसरी लिफ्ट कुठाय?" लोक हसले. मतदान झालं. नोटीस कायम ठेवण्याच्या ठरावाच्या विरोधात दोन हात वर गेले. एक काकांचा, दुसरा पहिल्या मजल्यावरच्या एका आजींचा, ज्यांना नंतर कळलं की आपण विरोधात हात वर केला. माझे दोन्ही हात मोबाईलवर होते. मला त्या वेळी काही फार महत्त्वाचा मेसेज आला नव्हता, हे इथे कबूल करून टाकतो.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी लिफ्ट सोडली. "मावशी जिथून चढतील तिथून मी चढणार." सत्तरी ओलांडलेला माणूस, उजवा गुडघा कामातून गेलेला. दुधाला खाली, पेपरला खाली, कोथिंबीर विसरली म्हणून पुन्हा खाली. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबत आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारत, "दुसरा मजला! तिसऱ्याकडे जाणारी गाडी गुडघ्यातील बिघाडामुळे उशिराने सुटेल!" लोक दार लावून घेत. मग दार लावणं अवघड होऊ लागलं. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी गुपचूप खुर्ची ठेवली. मग पहिल्यावर पाण्याचा तांब्या आला. अध्यक्ष म्हणत, "स्टंट आहे सगळा." पण तेही लिफ्टची वाट बघताना जिन्याकडे पाठ करून उभे राहू लागले.

विशेष सभा बोलवायला सभासदांच्या सह्या लागतात. काका कागद घेऊन दारोदार फिरले. मी सही केली. उशिरा केली, पण केली. काका म्हणाले, "तारीख घाला, सर. कधी शहाणपण सुचलं त्याची नोंद राहू द्या."

सह्या पुऱ्या झाल्या त्याच आठवड्यात, सकाळी कॉलेजला निघालो तर दुसऱ्या मजल्यावर काका पायरीवर बसलेले. खुर्चीपर्यंतही पोचले नव्हते. चेहरा पांढराफटक, शर्ट भिजलेला. समोर मावशी उभ्या, पिशवी छातीशी धरून. मला वाटलं त्या काळजी करताहेत. पण त्या संतापल्या होत्या.

"कुणी सांगितलं व्हतं तुमाला चढाया?" मावशी म्हणत होत्या. "समदी बिल्डिंग म्हनती, म्हाताऱ्याचं गुडघं मावशीपायी चाललं. उद्या तुमाला काय झालं तर बोल कुनाला लागंल? मला! काम कुनाचं जाईल? माझं!"

"मावशी, मी तुमच्यासाठीच..." काका पुटपुटले.

"माझ्यासाठी? मला इचारलं का एकदा तरी? त्यांनी नोटीस लावली तवा मला इचारलं नाय. तुमी जिना धरला तवा तुमीबी इचारलं नाय. मग तुमच्यात आन् त्यांच्यात काय फरक हाय, दादा?"

प्रत्येक ठरावाला जाब विचारणारा तो माणूस मान खाली घालून गुडघा चोळू लागला. मी त्यांना कधीच असं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता विचारतो. तुम्हाला काय हवंय?"

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "मला मीटिंगला न्या. मला बोलायचंय."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. अध्यक्षांची म्हातारी आईही येऊन बसली होती. काका आले, आणि त्यांच्या मागे मावशी. अध्यक्ष ताडकन उठले. "सभासदाशिवाय कोणालाही बोलता येणार नाही. नियम आहे, काका. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "नियम आहे. सभेत मीच बोलणार. मावशी फक्त माझ्याशी बोलतील. माझ्याशी बोलायला बंदी असल्याचा ठराव असेल तर दाखवा."

सेक्रेटरींनी उगाचच फाईल चाळली. तसा ठराव नव्हता.

मावशी काकांकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाल्या, "मी पाटं पाचाला उठते." काका सभेकडे वळले आणि गाडी पुकारावी तसे गरजले, "मी पाटं पाचाला उठते!"

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. सत्तरीचे मिशाळ काका 'उठते' म्हणतात! काकांनी आवाज ढळू दिला नाही. मावशी बोलत राहिल्या, काका शब्दाला शब्द पुकारत राहिले. "पाच घरच्या भाकऱ्या थापते! पाचव्या मजल्यावर जाऊस्तोर मांड्या भरून येत्यात! हात धुऊन पीठ मळते, हात धुऊन बाहेर पडते! माझ्या हातची भाकरी तुमच्या तोंडात चालती, आन् तोच हात बटनाला चालत नाय, ह्ये मला कुनीतरी समजून सांगा!"

'थापते'पर्यंत लोक हसत होते. 'समजून सांगा'ला कोणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतली बाई पदराशी चाळा करत बसली होती.

मग मावशी थांबल्या. अध्यक्षांच्या आईकडे बघून, काकांना नव्हे, सरळ त्यांनाच म्हणाल्या, "आक्का, गेल्या साली तुमी न्हानीत पडला. लिफ्ट बंद व्हती. तुमाला पाठीवर घेऊन जिन्यानं खाली कोन आनलं?"

काकांनी पुकारायला उघडलेलं तोंड मिटलं. पुकारायची गरजच नव्हती.

म्हातारी खुर्चीत पुढे सरकली. "हिनंच," ती म्हणाली. "आन् मला वास आला नाय गं तुजा. आमच्या घरात लई शिकल्याली मान्सं हायेत, त्यांना येतो." अध्यक्षांनी खाली मान घातली.

मतदान झालं. नोटीस रद्द करण्याच्या बाजूने खूप हात वर गेले, माझाही. अध्यक्षांचा गेला नाही. त्यांच्या आईने मात्र दोन्ही हात वर केले. सेक्रेटरी आनंदाने मोजू लागले, तेव्हा काकाच खेकसले, "त्या सभासद नाहीत! ते मत धरता येणार नाही. कोणत्या ठरावानुसार मोजताय?" एवढ्या सगळ्यानंतर सेक्रेटरी पहिल्यांदा खळखळून हसले.

सोमवारी मावशी लिफ्टने वर आल्या. आमच्या हिने विचारलं, "कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "कसं वाटायचंय? लौकर आले." आणि परात ओढून पीठ मळायला बसल्या. मला अजून काहीतरी ऐकायचं होतं बहुतेक. पण त्यांना लौकर यायचं होतं, आणि त्या आल्या. हक्क म्हणजे एवढंच असावं.

काकांचा गुडघा मात्र त्या जिन्याने कायमचा खाल्ला. लिफ्ट असूनही त्यांना चौथा मजला सोसेना. वीज गेली की ते अडकून पडत. शेवटी काकू म्हणाल्या, "पुरे झालं आता," आणि दोघं खोडदला भावाशेजारी, बसक्या घरात राहायला गेले. निघताना मला म्हणाले, "तिथं भांडायला कमिटी न्हाई, सर. ग्रामपंचायत आहे, पण ती पोरं लगेच 'व्हय काका' म्हणतात. त्यात काय राम?" टेम्पो वळेपर्यंत ते हात हलवत होते, आणि टेम्पोवाल्याला आरसा नीट लावायला सांगत होते.

परवा आमची वार्षिक सभा झाली. वीस मिनिटांत संपली. कमिटीने गच्चीला कुलूप लावायचं ठरवलंय. काही बायका आपसात कुजबुजल्या, कारण कुरडया वाळवायच्या कुठे? पण कोणी उठलं नाही. माझ्या तोंडापर्यंत प्रश्न आला होता. मग चहा आला.

संध्याकाळी न राहवून मी खोडदला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही काही बोललात का, सर?"

"नाही, काका."

पलीकडे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. काका खडसावतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

"असू द्या," काका म्हणाले. "जेवलात का?"

इतक्या वर्षांत 'असू द्या' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. जेवलो नव्हतो, तरी हो म्हणालो.