मोहियोद्दीनचे चार तोळे

भोकरच्या बसस्टँडसमोरच्या बोळात मोहियोद्दीनचं दुकान आहे. सहा फूट रुंदीच्या त्या जागेत तो स्वतः, एक काचेचं कपाट, गिऱ्हाइकासाठी बाकडं आणि एक पितळी तराजू एवढं मावतं. तराजू बघून नवीन माणूस अत्तर मागतो. त्याचंही चूक नाही. मोहियोद्दीनचे वडील याच जागेत तोळ्यावर अत्तर विकायचे. पुढं लोकांना फवारा मारायची बाटली आवडू लागली. न विकलेल्या अत्तराचा वास घेत दिवस काढणं मोहियोद्दीनला जमेना. तो रेडिओ दुरुस्तीला लागला आणि रेडिओही संपल्यावर बॅटऱ्यांकडे वळला.

इकडे हातातल्या टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात जातो त्याला सेल. शेताला रात्रीची वीज मिळते त्या आठवड्यात बॅटरी ही वस्तू चपलेइतकी गरजेची होते. हल्लीच्या बॅटऱ्या फर्लांगभर उजेड फेकतात. त्यांचे सेल लिथियमचे, चार्ज करून पुन्हा वापरायचे, आणि त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे: १८६५०, २१७००, २६६५०. पहिले दोन आकडे जाडी, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. शेवटचं शून्य सेल गोल आहे असं सांगतं. ज्यांना बघून कळत नाही त्यांच्यासाठी असावं.

हे आकडे कुणाच्या लक्षात राहीनात. एक दिवस मोहियोद्दीनने सहज तिन्ही सेल अब्बांच्या तराजूत टाकले. बारीक सेल चार तोळे, मधला सहा, जाडा आठ. गुंजभर इकडंतिकडं, एवढंच. कारखानदाराने अब्बांना विचारून सेल घडवल्यासारखा हिशोब बसला. मग त्याने खोटे सेल तोलले. त्यांच्या अंगावर नऊ हजार नऊशेचा आकडा छापलेला, म्हणजे खऱ्या बारीक सेलात मावते त्याच्या तिप्पट वीज. पण पारडं खाली यायला तयार नव्हतं. आकडा छापायला शाई पुरते, वजनाला माल लागतो.

तेव्हापासून मोहियोद्दीनचा एकच उपदेश होता. "सेल कुठंबी घ्या, पण तोलून घ्या. बारका चार तोळे भरला पायजे." हा उपदेश माहूरच्या यात्रेकरूंपासून इस्लापूरच्या बाजारापर्यंत पसरला. पसरायचं कारण साधं होतं, त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं.

समजून घ्यायचं ते मोहियोद्दीन बाकड्यावर बसलेल्याला सांगे, आणि ते कुणी ऐकत नसे. लोकांना जाडा सेल आवडतो. जाड म्हणजे जास्त, अशी साधी श्रद्धा. "जाड्यात अन् मधल्यात वीज जवळजवळ सारखीच," तो सांगे. "मधला नव्या घडणीचा हाय. अन् नुसती हीर खोल असून काय करता? पाइप बारका असला तर पाणी झिरपतच येनार. फर्लांगभर उजेड फेकायचा तर सेलनं दमदार धार दिली पायजे." गिऱ्हाईक मान हलवून म्हणे, "बरं. जाडाच द्या."

जानेवारीतल्या एका मंगळवारी लक्ष्मीबाई दुकानात आल्या. भोकरपासून दोन कोसांवरच्या गावात त्यांची दोन एकर हळद आहे. नवरा शेषेराव डोळ्याचं ऑपरेशन होऊन घरात बसलेला, त्यामुळे पाण्याच्या पाळीला त्याच जात होत्या. त्यांनी बॅटरी काचेवर ठेवली, ठेवली म्हणण्यापेक्षा आपटली.

"भाई, तुमचे चार तोळे घ्या तुमच्यापाशीच!"

"काय झालं, आक्का?"

"काय व्हायचं राह्यलंय? काल मोटार चालू करून पाणी फिरवून राहिले होते, अन् अर्ध्या घंट्यात बॅटरी बुजली. वढ्याच्या मधात हुबी मी. पलीकडून डुकरांचा कळप गेला. दिसला न्हाई, आयकू आला. पहाटंपस्तोर बांधावर बसले रामराम करत. शेषेराव म्हनतेत, जाऊ नको. न जाऊन हळदीला काय तोंडानं पाणी घालू? शुक्कारपस्तोर रातचीच लाइट हाय."

"सेल माझ्याकडचा न्हाई ह्यो."

"तुमचा न्हाई, बोल तुमचा हाय. बाजारात घेतला अन् तुमी म्हनता तसा तोलून घेतला. रामलिंग सोनारानं माझ्यादेखत तोलला. चार तोळे भरला."

मोहियोद्दीनने सेल एका पारड्यात टाकला, दुसऱ्यात अब्बांचं चार तोळ्यांचं पितळी वजन. सेल वर गेला आणि वरच राहिला.

"आता?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "सोनार खोटा का तुमी?"

दुकान मुलगी उजमावर सोपवून, वजन आणि सेल मुठीत घेऊन तो दोन गल्ल्या ओलांडून रामलिंग सोनाराकडे निघाला. मागून लक्ष्मीबाई. भांडण होणार या आशेने बोळातले दोघं-तिघं मागं निघाले.

भांडण झालं नाही. रामलिंगने सेल आपल्या विजेच्या काट्यावर ठेवला. चाळीस ग्रॅम. "चार तोळे. मी काय खोटं सांगितलं?"

"आता हे ठेवा," मोहियोद्दीन म्हणाला.

पितळी वजन ठेवलं. काटा शेहेचाळीसच्या पुढं जाऊन थांबला. रामलिंगने ते उचलून उलटंपालटं केलं.

"मोहियोद्दीनभाई, तुमच्या अब्बाचा तोळा लई जड हो! आमचा दहा गिरामचा. तुमचा जवळजवळ बाराचा."

"अत्तराचा जुना तोळा हाय. त्यालाच तोळा म्हनत होते सगळे."

"म्हनत आसतील. आता म्हनत न्हाईत."

सगळे बरोबर होते. सोनाराने बरोबर तोललं होतं, लक्ष्मीबाईंनी सांगितलेलं पाळलं होतं, मोहियोद्दीनचं वजनही खरं होतं. खोटा होता तो फक्त सेल, आणि तो या सगळ्या खरेपणातून वाट काढत ओढ्यापर्यंत पोचला होता. पाहायला आलेले लोक नाराज होऊन परतले.

दुकानात उजमाने बापाकडे पाहिलं आणि तिला कळलं. "दोन वर्षं झाली अब्बू, ग्रॅममधी लिहा म्हनते मी. बोर्डच लावा."

"हाव, म्हनत होतीस."

"मग?"

"तोळ्यात अब्बाचा आवाज येतो गं," तो म्हणाला. "पन आक्का वढ्यात हुबी होती."

तो बराच वेळ तराजूची साखळी सरळ करत बसला. साखळी सरळच होती.

मग त्याने तीन बॅटऱ्या लक्ष्मीबाईंपुढं मांडल्या, तिन्ही आकारांच्या. या खेपेला उपदेश केला नाही. त्यांनी जाडी आधी उचलली. उजव्या हातात खोरं धरल्यासारखं करून डाव्या हातात ती धरून पाहिली. बोटं पुरेनात. बारीक हातात छान बसली, पण तिच्याकडे त्यांनी जरा रागानेच पाहिलं. मधली हातात राहिली.

"किती टाइम जळंल?"

"माझं आयकू नका. बसा अन् बघा."

भर दुपारी बारा वाजता मोहियोद्दीनने ती बॅटरी पेटवून कपाटाखालच्या अंधाऱ्या फळीकडे तोंड करून ठेवली. लक्ष्मीबाई बाकड्यावर बसल्या. कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली, कातरली, एक फोड उजमालाही दिली. एकदा बसस्टँडच्या घड्याळाकडे बघत, एकदा उजेडाकडे. अडीच वाजता उजेड पिवळा न पडता जरा मंदावला, पण कपाटाखालचं झुरळ अजून दिसत होतं.

"पुरं," त्या उठल्या. "मला दोन घंटे लागतेत."

त्या निघताना मोहियोद्दीनने तराजूशेजारच्या डब्यातून अब्बांची दोन वजनं काढली, चार तोळ्यांचं आणि दोन तोळ्यांचं, आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"हे कशाला?"

"चार अन् दोन सहा झाले. गावात कुनीबी सेल घेतला तर कुनाच्याबी तराजूत ह्याच्यावर तोला. बारक्याला हे येकटंच चार."

"अब्बाची वस्तू हाय ती. दुकान सुनं होईल."

"अब्बा बोलायचे तिथंच तोलायचे, आक्का. मी बोल गावोगाव धाडला अन् वजन घरात ठेवलं. चूक ती हाय."

लक्ष्मीबाईंनी वजनं पदराच्या टोकाला बांधली. आभार मानले नाहीत. अजून चार रात्री जायच्या होत्या.

शनिवारी सकाळी त्या हळदीच्या औषधासाठी भोकरला आल्या. बोळाच्या तोंडाशी थांबून, आत न येताच ओरडल्या, "बुजली न्हाई!" आणि गेल्या. मोहियोद्दीन हातातला स्क्रू विसरून तसाच बसला. तो स्क्रू बापलेकींनी संध्याकाळपर्यंत शोधला.

दुकानावर आता उजमाच्या अक्षरात पाटी आहे: बारीक सेल ४६ ग्रॅम, मधला ७०, जाडा ९२, दोन-तीन ग्रॅम कमीजास्त. खाली बारीक अक्षरात: वजन भरलं तरी एकदा पेटवून बसून बघावं. बाकड्यावर हल्ली कुणी ना कुणी बसलेलं असतं.

आणि लक्ष्मीबाईंच्या गावच्या आठवडी बाजारात चादर अंथरून नऊ हजार नऊशेवाले सेल विकणारा एक जण येतो. त्या पदराची गाठ सोडायला लागल्या, की तो चादरीची चारी टोकं गोळा करतो.