चवीच्या टेबलावरच्या ताई

सकाळच्या त्या वेळेला आमच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. नवरा एका पायात मोजा चढवून दुसरा शोधत होता, टोस्ट करपलाय की कच्चाच आहे यावर सासूबाई एकट्याच वाद घालत होत्या, आणि मी उतू जाणाऱ्या दुधावर डोळा ठेवून उभी होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारी घंटा असताना थाप! गॅस बंद करून मी दार उघडलं.

खालच्या मजल्यावरच्या ताई. अंगात दुकानाचा हिरवा एप्रन, हातात झाकणाचा पांढरा डबा.

"वहिनी, एक चमचा चाखा. आधी चाखा, मग बोलू."

ताईंनी काही चाखायला सांगावं यात नवल नव्हतं. तोच त्यांचा धंदा. कोपऱ्यावरच्या मोठ्या किराणा दुकानात शिरलं की समोरच त्यांचं छोटं टेबल. नवीन काही बाजारात आलं की ते टोस्टच्या तुकड्यावर लावून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं आणि दोन गोड शब्दांत गळी उतरवायचं. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका बेकरीत केकवर क्रीम चढवण्यात घालवली. नवरा लवकर गेला, मुलीचं शिक्षण आणि लग्न त्या क्रीमवरच झालं. बेकरी बंद पडली तेव्हा या टेबलामागे उभ्या राहिल्या. बोलणं असं, की आमचे हे एकदा साबण आणायला गेले आणि तीन प्रकारचा जॅम घेऊन आले. साबण राहिलाच.

डब्यात पांढरंशुभ्र, मऊ काहीतरी होतं. "चीजकेकच्या चवीचं आहे. ब्रेडला लावायचं. नवीन आलंय," ताई म्हणाल्या.

मी चमचा तोंडात घातला. आधी गोड लागलं. मग किंचित आंबट. मी "छान" म्हणायला तोंड उघडणार, तोच जिभेच्या मुळाशी काहीतरी पेटलं. लसूण! कच्चा, झणझणीत लसूण, साखरेत घोळवलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिळू की थुंकू कळेना.

"बघू, बघू," म्हणत सासूबाईंनी चमचा ओढला. त्यांनी विचारबिचार केला नाही, सरळ बेसिन गाठलं. "अगं आई गं! ज्याने हे केलं त्याला आधी पकडा!"

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय लागलं?"

"लसूण."

"थट्टा नको वहिनी."

"थट्टा कसली? अहो, आता डबा जवळ धरला की वासही येतोय. तुम्हाला येत नाही?"

ताईंनी डबा उचलला, अगदी नाक टेकेपर्यंत जवळ नेला. दीर्घ श्वास घेतला. मग डबा हळूच खाली ठेवला.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "थंडीत तो ताप आला ना, तेव्हापासून काहीच येत नाही. वासही नाही, चवही नाही. डॉक्टर म्हणतात, परत येईल, नाहीतर नाहीही येणार."

नवरा मोजा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी खुर्ची ओढून बसले. इतके महिने ही बाई आम्हाला "जिभेवर ठेवलं की विरघळतं" म्हणून सांगत होती, आणि तिच्या स्वतःच्या जिभेवर काही उमटतच नव्हतं!

"अहो, पण मग रोज कसं चालवलंत?"

"जुन्या वस्तूंची चव आठवत होती. आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा. भुवया वर गेल्या की म्हणायचं, 'मस्त ना?' नाक मुरडलं की म्हणायचं, 'सवय व्हावी लागते.'"

मग घोटाळा उलगडला. बाटल्यांतला माल ताई पांढऱ्या डब्यांत काढून दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवत. संपत आलेल्या डब्यात वरून नवीन भर घालत. परवा एक डबा लसणाच्या क्रीमचा होता, तोही तसाच पांढरा. "दुसऱ्या बायका झाकणावर चिठ्ठी चिकटवतात," ताई म्हणाल्या. "मी नाक चिकटवत होते. सवय जाते का? परवाही झाकण उघडलं, हुंगल्यासारखं केलं आणि त्यातच चीजकेक भरला."

"आणि काल दिवसभर तेच वाटलंत?" सासूबाईंचा हात अजून तोंडावरच होता.

"दिवसभर. कुणी एक शब्द बोललं नाही हो! सगळे हसून घेत होते, 'वेगळं आहे' म्हणत होते. एक आजोबा तर दुसऱ्यांदा आले. संध्याकाळी मॅनेजरने कचऱ्याचा डबा दाखवला. कागदी रुमालात गुंडाळलेले घास, नुसता खच!"

नवऱ्याला हसू फुटलं. मी डोळे वटारले.

"मॅनेजर म्हणाला, 'ताई, तुमची जीभ ती दुकानाची जीभ. उद्या सकाळी चाखून सांगा, माल खराब असेल तर सगळा कंपनीला परत पाठवतो.' आता काय सांगू? खराब म्हटलं तर चांगला माल परत जाईल, बनवणाऱ्याची बदनामी होईल. चांगला म्हटलं तर विचारेल, मग काल लोक का थुंकले?"

"खरं सांगा," मी म्हणाले. म्हणणं किती सोपं, हे बोलल्यावर कळलं.

"सांगणारच आहे. वास येत नाही हेसुद्धा. नाक मुठीत धरून जाते." ताईंनी खरोखरच नाकाला हात लावला आणि ओशाळं हसल्या. "पण ज्या बाईला चव नाही तिला चवीच्या टेबलावर कोण ठेवणार? काढतील. मला दुसरं येतं काय?"

सासूबाईंनी करपलेल्या टोस्टची बशी त्यांच्यापुढे सरकवली, मग काय केलं ते लक्षात येऊन परत ओढली, आणि पुन्हा सरकवली.

ताईंनी एप्रनच्या खिशातून एक सीलबंद बाटली काढली. तेच चीजकेक, लसणाशिवायचं.

"वहिनी, हे मी एकदाही चाखलेलं नाही. चाखूनही उपयोग नाही. काल दिवसभर लोकांना सांगितलं, असं लागतं, तसं लागतं. सगळं मनाने. ही बाटली उघडा, एक चमचा खा आणि कसं लागतं ते मला सांगा."