दोन रेघा आणि एक गाऱ्हाणं

गोव्यात लाटंबार्शाच्या काजू कारखान्यात मी निर्यातीचे कागद सांभाळते. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी शेट मला ठेवून घेतात, कारण कागद बरोबर असतात.

आमचा माल दोनच देशांत जातो, पोर्तुगालात आणि जपानात, दोन्हीकडे उधारीवर. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई मिळावी म्हणून उधारीचा विमा असतो. विमा कंपनीने यंदा पाच वर्षांची तुलना मागितली: दर वर्षी कुठल्या देशात विमा उतरवलेली उधारी किती होती. मी दोन रेघा काढल्या. जपानची आपली खाली सरळसोट. पोर्तुगालची चढत चढत वरच्या लाल रेघेला टेकलेली. लाल रेघ म्हणजे एका देशापुरती विम्याची मर्यादा. त्यापुढे पाठवलेला माल बुडला तर आपला बुडला.

शेटनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघ गो बाय, पोर्तुगालावर विमावाल्यांचो विश्वास कसो वाढत गेलो तो. पुढचो कंटेनर थंयच धाडूया."

मी कपाळाला हात लावला. "शेट, हा विश्वास नव्हे. आपलं किती पोर्तुगालवाल्यांच्या हातात अडकलंय, ते आहे हे."

पटेल तर शपथ. पोर्तुगालचा गिऱ्हाईक एकदा शेटच्या घरी सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण, बोटं चाटून जेवला होता ना. जपानवाले एक काजू तुटका निघाला तरी त्याचा फोटो पाठवतात, आणि तो फोटो शेटना जिव्हारी लागतो. काजू इथे आणला पोर्तुगीजांनीच, आता आम्ही तो त्यांनाच उधारीवर विकतो आणि वर कौतुक करतो. तीन दिवस मी डोकं फोडलं. हा कंटेनर विम्याबाहेर जाणार होता, आणि त्याच पैशांतून कारखान्यातल्या बायांचा गणेशचवथीचा बोनस निघायचा होता.

"मगे देवाकच विचारूया," शेट म्हणाले.

कंटेनर निघण्याआधी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीतच आहे. यंदा कौलही लावायचा ठरला. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर पोर्तुगाल, डावी पडली तर जपान. बायाही काम थांबवून आल्या होत्या. पण आमचा गुरव कडक. देवापुढे अर्धवट सांगून चालत नाही, सगळं आधी मला सांगा, म्हणाला. शेटनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईल उघडली आणि सगळं सांगितलं.

"बा देवा महाराजा," गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, "पोर्तुगालात आमचो माल उधारीर पडलो असा."

"व्हय महाराजा," बाया म्हणाल्या.

"विम्याची मर्यादा भरली असा."

"व्हय महाराजा."

"आता जो कंटेनर जातलो, तेका विमो ना. पैसे बुडले तर ह्या लेकरांचो चवथीचो बोनस बुडलो, महाराजा."

या वेळी बायांचा 'व्हय महाराजा' आला नाही. होकार आल्याशिवाय गुरवाला पुढे जाता येईना, तो हात जोडून तसाच थांबला. शेटनी बायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

"पाकळ्यो लावू नकात," ते म्हणाले. "जपानाक धाडूया."

"व्हय महाराजा," मागून एक म्हातारी म्हणाली.

देश का बदलला, असं विमा कंपनीने विचारलं. शेटनी मला लिहायला सांगितलं, बाजारपेठेच्या सखोल अभ्यासातून. मी निमूट लिहिलं.

जपानचे पैसे वेळेवर आले आणि चवथीच्या आधी बोनस झाला. ती म्हातारी माझ्या टेबलावर नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, पुडी ठेवून म्हणाली, "बाय, तो कागद तू आमकां पयलीच कित्याक दाखवलो ना?"

तीन दिवस मी शेटपुढे घसा फोडत होते. ज्यांचा बोनस टांगणीला लागला होता त्या बाया भिंतीपलीकडच्या शेडमध्ये बसून काजू सोलत होत्या, आणि त्यांना सांगावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी एक अख्खी नेवरी तोंडात कोंबली.