अक्काची म्हैस आणि सावकाश काडतुसं

रायफल क्लबात नेम जमायला वर्षं लागतात, किस्से मात्र आपोआप जमतात. आमचे नाना झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या केसेस डालड्याच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की हलवून म्हणायचे, "यातली एकेक बोलते बरं." त्यातल्या काही तुम्हाला ऐकवतो.

नाना म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. असोदा रस्त्याला केळीच्या बागेमागे गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध, त्यापुढे रचलेले केळीचे ओले खांब, एक पत्र्याची शेड आणि पॉइंट टू-टूची एकच रायफल. एवढाच आमचा क्लब. मी बीएस्सी होऊन नोकरीची वाट बघत होतो, आणि नोकरी लागेपर्यंत देश सुधारायचा विचार होता. सुरेखा कॉलेजात शिकत होती. तिला राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राच्या टीममध्ये जायचं होतं. वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर धुळ्याचं स्थळ तयार होतं.

आमचा सगळ्यांचा जीव त्या वर्षात अडकला होता.

*

आणि शेडच्या भिंतीला लागून अक्काचा गोठा! एका संध्याकाळी अक्का रिकामी चरवी घेऊनच आत आली. तिच्या बोलण्यात ळचा य व्हायचा.

"तुमच्या गोयीच्या आवाजानं मही म्हैस पान्हा चोरते. आता काय तिच्या कानात कापूस घालू?"

नाना म्हणाले, घालून बघा. अक्का म्हणाली, घातला होता, तिनं खाल्ला.

पण गोष्ट हसण्यावारी नव्हती. अक्कानं तहसीलमध्ये तक्रार केली असती तर क्लबची परवानगी गेली असती, आणि सुरेखाचं वर्षही.

*

मी दुसऱ्याच दिवशी सायलेन्सरचं चित्र काढून आणलं. नानांनी ते उलटं धरून पाहिलं आणि कायद्यात बसत नाही म्हणून परत केलं. कायदे माणसांसाठी असतात, वगैरे मी बरंच ऐकवलं.

तेवढ्यात एदलाबादकडचे एक केळीवाले भाऊ आले. बागेत डुकरं शिरतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. कुणीतरी टू-टूसाठी म्हणून लेथवर करून दिलेली नळी त्यांना तिच्यावर बसवून हवी होती. सायलेन्सर तो सायलेन्सर, असं त्यांचं म्हणणं.

नाना म्हणाले, "भाऊ, वासराचं मुसकं बैलाला बांधलं तर?"

"फाटंल."

"टू-टूची गोळी म्हणजे वासरू. तीनशे पंधराचा जोर बैलाचा. इथं मुसकं फाटलं तर बांधणाऱ्याचं तोंडही फाटतं."

भाऊंना नळीसकट पोलीस ठाण्यात पोचवून नाना परत आले, तेव्हा माझं चित्र चहाच्या चुलीत गेलेलं होतं. मीच घातलं.

*

मग क्लबातल्याच प्रदीपनं घरून गोधड्या आणल्या. भिंतभर टांगल्या. आवाज जरा दबला. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याची आई टांग्यातून उतरली. पाहुणे आले होते. तिनं नानांसमोर एकेक गोधडी उतरवली, झटकली आणि जाताना विचारलं, "हिला भोक कोणी पाडलं?"

फौजेतला माणूस, पण नाना छताकडे बघत बसले.

*

शेवटी नानांनी परवान्यावर दुसऱ्या जातीची काडतुसं मागवली. त्याच रायफलची, पण गोळी सावकाश जाणारी, आवाजाला मवाळ. म्हैस पान्हावली! अक्का रोज संध्याकाळी शेडच्या पायरीवर येऊन बसू लागली. सुरेखासाठी पदराखाली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असायची.

एकच अडचण होती. सावकाश गोळी थोडी खाली लागायची. नळीवर नेम धरायची जी माशी असते तिचा स्क्रू फिरवला की काम झालं असतं, पण जो तो चुकला की माशीला दोष द्यायचा, म्हणून नानांनी स्क्रूवर लाखेचं सील ठोकलं होतं. "वर धर," ते म्हणाले. सुरेखा वर धरू लागली. महिन्याभरात तिचा हात असा बसला की विचारू नका.

*

पुण्याला स्पर्धेत सगळ्यांना नेहमीची, जोरकस काडतुसं मिळाली. सुरेखाचा हात सवयीनं वर गेला. तिच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. सगळ्या गोळ्या एका रुपयाखाली झाकतील अशा जवळजवळ, पण काळ्या वर्तुळाच्या वर.

तिथले अधिकारी म्हणाले, "नेम सुंदर आहे. जागा चुकली."

येताना बस धुळ्याच्या स्टँडवर थांबली. सुरेखा खिडकीतून ते गाव बघत राहिली. नाना शेजारून म्हणाले, "लाख मी लावली होती."

*

अक्कानं विचारलं तेव्हा मी रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. म्हैस, काडतुसं, वर धरणं, सगळं. पुढच्याच बाजाराला तिनं म्हैस विकली. चारा पुरत नाही म्हणाली. गोठ्यात कडबा आढ्याला लागला होता.

*

धुळ्याच्या स्थळाशी सुरेखाची सुपारी फुटली. नानांनी क्लबही बंद करायचं ठरवलं होतं; रायफल जमा करायची होती. शेवटच्या संध्याकाळी आम्ही शेडमध्ये उगीच बसून होतो. दारात अक्का आली.

"पोरी, म्हैस पान्हावत नाही. एक गोयी वाजव."

गोठ्यात म्हैसच उरली नव्हती. नानांनी किल्लीच्या टोकानं स्क्रूवरची लाख खरवडली, माशी सारखी केली आणि रायफल सुरेखाच्या हातात दिली. काडतुसांच्या खोक्यात दोन्ही जातींची एकेक गोळी उरली होती.

"अक्का, सावकाश घेऊ की नेहमीची?" सुरेखानं विचारलं.

अक्का पायरीवर तिच्या जागी जाऊन बसली.

"मोठ्यानं वाजू दे व माय. पार धुयापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."