डोंगरमाथ्यावरचा दिवा

पोलिसाच्या नोकरीत पुष्कळ गोष्टी विसरायला शिकावं लागतं. ती आग मात्र आजही आठवते, आणि आठवली की मन भरून येतं.

मी बडोद्याजवळच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्या हद्दीतला डोंगर बडोदेकरांचा लाडका. रविवारी उजाडता उजाडता छाणी, पाणीगेटकडची माणसं चढायला हजर. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तो पेटला. पायवाटा, करवंदीच्या जाळ्या, सगळं जळून गेलं. पंचनामा करताना मला फार वाईट वाटलं; मीही तिथं अनेकदा चढलो होतो.

खबऱ्यानं पायथ्याच्या गावातल्या एकाचं नाव दिलं. महुड्याची, म्हणजे मोहाची, फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची तिकडे रीत आहे. त्यानंही जाळला होता. चौकशीत तो एकच सांगे, "साहेब, पांदडां बाळ्यां, पण होलवीने ज घेर गयो." विझवूनच घरी गेलो, असं. गावाला, वरिष्ठांना आरोपी मिळाला होता. पण खोटं बोलणारा दर वेळी आपली गोष्ट सुधारून सांगतो. हा सुधारत नव्हता. अटक लांबवून मी त्या दिवशी डोंगरावर गेलेल्यांचे जबाब घ्यायला निघालो.

बडोद्यात घडियाळी पोळ नावाच्या जुन्या वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या मंडळींना घेऊन नेहमी डोंगर चढत. चहा देऊन त्या हौसेनं सांगू लागल्या, "माथ्यावरच्या मारुतीपुढे दिवा लावला, आरती केली."

"निघताना दिवा विझवलात?"

"अहो, देवापुढचा दिवा कुणी फुंकून विझवतं का? होईल शांत आपोआप, म्हणून तसाच..."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, आता गप्प बस."

"कोणाला पकडलंय का, साहेब?" बाईंनी मला विचारलं.

मी महुडेवाल्याचं सांगितलं; अटक तेवढी बाकी होती.

"मग माझा जबाब लिहा. त्याला सोडा."

वनखात्याच्या पाहणीतही आग माथ्यावरून खाली उतरल्याचं निघालं. बाईंनी कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याआधी त्या ठाण्यात येऊन महुडेवाल्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तो ओशाळून म्हणाला, "माजी, दीवो तो अमेय करीए छीए." दिवा तर आम्हीही लावतो, असं.

चौकशीचं तंत्र मला नोकरीनं शिकवलं. पण खरं बोलणारं माणूस समोर नसेल, तर ते तंत्र लंगडं पडतं. त्या बाई गप्प राहिल्या असत्या, तर एका निरपराध माणसाला कोठडीत घालणारा हात माझा असता. त्यांचा मी जन्माचा ऋणी आहे.